डबा काढलेली गाडी

देवळवाडी, ता. भूम
४ ऑगस्ट २०२४

चि. प्रतीक्षा,

मामाचा आशीर्वाद, आणि उमाशंकररावांना रामराम सांग.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं बरं आहे. फोनच केला असता, पण तुला माहीत आहे, स्पीकर लावल्याबिगर मला ऐकू येत न्हाय. सारी नोकरी एस्टीच्या इंजिनाशेजारी बसून गेली, त्यानं कानाची ही गत केली. आणि स्पीकर लावला की तुझी मामी पार खव्याच्या भट्टीपासून मधेच उत्तरं द्यायला लागते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको, म्हणून हे पत्र.

रिटायर झाल्यावर मी गाडी घेतली ती तू बघितलीसच. जुनी, पांढरी, पेट्रोलवरची, पण अंगानं धड. मामीचा खवा भूमला, शेजारच्या वाशीला पोचवायला बरी पडते. पहिले दोन-तीन महिने मी खुशीत होतो. मग एकदा येरमाळ्याचा घाट चढताना ऊस-तोडीच्या ट्रॅक्टरशिवाय बाकी सगळ्यांनी मला मागं टाकलं. तुला सांगतो, एस्टीतबी हेच. गाडीला वेगाची कळ बसवलेली असायची, पाय कितीबी दाबा, ठरल्यापुढं जायची न्हाय. मोटारसायकलवरची पोरं मागं वळून हसायची. मी कधी राग धरला न्हाय, कारण पाठीमागं गाडीभर माणसं. पण एकदा तरी आपल्या मर्जीनं इंजिन पळवावं, असं मनात राहून गेलं होतं.

वीरभद्र आठवतो का? आमच्या डेपोतल्या जुन्या मेकॅनिकचा मुलगा, भूमला त्याचं गॅरेज आहे. त्याला म्हणालो, गाडीत दम न्हाय रे. तो म्हणाला, "काका, सायलेन्सरच्या अलीकडं एक डबा असतो. आत बारीक जाळी. सगळा धूर त्या जाळीतून गाळून जातो. म्हणजे इंजिनाला तोंडावर फडकं बांधून पळवायचं. डबा काढू, सरळ पाइप जोडू, मग बघा."

काढला. प्रतीक्षा, काय सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच घाटावर गेलो. पाय दाबला की गाडी खाली बसल्यासारखी होऊन पुढं उसळते. एका नव्या मोठ्या गाडीला मागं टाकलं आणि वर टेकाला जाऊन थांबलो, उगाच. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. इतकं बरं मला पगारवाढीनंबी कधी वाटलं नव्हतं.

आवाज थोडा वाढलाय, पण कानाला गोड लागतो. मामीला मी सांगितलंय की सायलेन्सर गंजला होता, तो बदलला. तू तेवढं सांभाळ.

तुझा मामा,
गुंडाप्पा

कळंब
१७ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र दवाखान्यातल्या ड्यूटीवरून आल्या आल्या दारातच उभी राहून वाचलं. चप्पल काढायची राहिली होती. शाळेला तुमच्याकडं राहायला होते तेव्हा तुमच्याच एस्टीनं भूमला जायची मी, ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून. वाटेत मेंढरं आडवी आली की तुम्ही इंजिन बंद करून निवांत बसायचात. ते मामा आणि घाटात लोकांना मागं टाकणारे हे मामा, दोन्ही एकच आहेत हे पटायला मला पत्र दोनदा वाचावं लागलं.

बॉनेटवर हात ठेवून उभे राहिलात ते वाचून मात्र फार बरं वाटलं. तेवढ्यासाठी तुमच्यावर रागावता येत नाही.

पण यांना विचारलं. हे आडतीत धान्य मोजत असले तरी गाड्यांचं सगळं यांना पाठ. त्या डब्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात म्हणे. इंजिनातून जो विषारी वायू निघतो तो त्या जाळीत बराचसा निवतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा तो काढणं कायद्यात बसत नाही, आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी नापास होते. हे असंही म्हणाले की त्यानं ताकद वाढते ती नावापुरती, आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो. हे शेवटचं मी तुम्हाला सांगणार नव्हते, पण लिहून गेलं.

तेव्हा हौस झाली असेल तर डबा परत बसवून घ्या ना, मामा. मामींना मी काही बोलणार नाही. मागच्या आठवड्यात फोनवर त्यांचा आवाज दमल्यासारखा वाटला. भट्टीवर फार वेळ बसतात का?

तुमची,
प्रतीक्षा

देवळवाडी
६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रतीक्षा,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. परतीच्या पावसानं इथं नुसता चिखल करून ठेवलाय.

उमाशंकरराव हुशार आहेत, पण त्यांना म्हणावं एकदा माझ्या शेजारी बसून घाट चढा आणि मग नावापुरती ताकद म्हणा. पीयूसीची मुदत अजून लांब आहे, तेव्हाचं तेव्हा बघू. स्टिअरिंगपुढं वेगाच्या काट्यांच्या मधी एक पिवळा दिवा लागून राहायला लागला होता. वीरभद्रनं त्यावर काळी टेप चिकटवून दिली. म्हणाला, "गाडीला डबा सापडत न्हाय म्हणून ती कुरकुरते, तुम्ही लक्ष देऊ नका."

तुझ्या मामीचं तू बरोबर ओळखलंस. तिचं डोकं लई दुखतंय. मळमळतं, जेवत न्हाय. मी किती वेळा म्हणालो, त्या भट्टीच्या धुरात बसू नको, गडी लाव. ऐकत न्हाय. म्हणते, खवा दुसऱ्याच्या हातानं करपतो. सकाळी भट्टीवर असते तवर काही नसतं बघ. दुपारी वाशीला खवा देऊन परत येताना गाडीत डोकं धरून बसते. म्हणजे सकाळचा धूर दुपारी चढतो, असा माझा हिशोब. घरी येऊन अंगणात बाजेवर पडली की तासाभरात उतरतं. ज्या दिवशी वाशीला जात न्हाई त्या दिवशी बरी असते, कारण त्या दिवशी खवाबी कमी असतो.

पावसामुळं काचा वर करूनच जावं लागतं, त्यात तिला गुदमरल्यागत होतं. मलाबी उतरल्यावर जरा जड जड वाटतं. पण माझं वय झालं.

दिवाळीआधी तिला तुझ्याकडं घेऊन येतो. तुमच्या डॉक्टरांना दाखवू. डोळ्याचा नंबर असेल न्हायतर रक्त कमी असेल.

तुझा मामा

कळंब
११ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळ

मामा,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. मामींना सारखा फोन लावतेय, तो बंद आहे. तुमचा वाजतो आणि वाजून थांबतो. म्हणून हे लिहून ठेवतेय. सकाळच्या पहिल्या एस्टीला कंडक्टरच्या हाती देते. पोस्टापेक्षा तुमचे लोक लवकर पोचवतील.

मामींचं डोकं भट्टीच्या धुरानं दुखत नाही. तो धूर डोळ्यांना दिसतो, घशाला लागतो, माणूस उठून बाहेर जातो. दुसरा एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. मागच्या थंडीत आमच्याकडं एक अख्खं घर आणलं होतं. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवलेली. सगळ्यांची तक्रार एकच, डोकं आणि मळमळ. बाहेरच्या हवेत आणलं की सावरायचे. तुम्ही मामींचं जे लिहिलंय ते तसंच्या तसं तेच आहे. गाडीत दुखतं, अंगणात उतरतं, वाशीला गेल्या नाहीत की दुखत नाही.

तुमच्या पायाखालून सरळ पाइप गेलाय. त्याचा जोड कुठंतरी सुटला असणार आणि वायू आत येतोय. डबा होता तेव्हा तो निम्म्यापेक्षा जास्त तिथंच निवायचा, आता तसाच्या तसा येतोय. आणि तुम्ही काचा लावून बसताय.

गाडी चालू करू नका. काचा उघडून सुद्धा नाही. मामींना एस्टीनं आणा, मी सुट्टी घेते. तुम्हीही तपासून घ्या, ते जड वाटणं वयाचं नाही.

मी मामींना सगळं सांगणार आहे. गुपित मोडल्याचा राग आला तर यावा.

प्रतीक्षा

देवळवाडी
२४ ऑक्टोबर २०२४

प्रतीक्षा बाळा,

मामीचा आशीर्वाद. म्या चौथीपत्तूर शिकले, अक्षर वेडंवाकडं लागंल, समजून घे.

तू वाशीच्या दवाखान्यात आलीस तवा मानसं लई होती, आन तुजा मामा कोपऱ्यात भिताडाकडं तोंड करून बसलेला. तू इचारलंस, मामी गाडीत नेमकं काय झालं. त्याच्यासमूर सांगवंना. आता सांगते.

त्याच्या आदल्या दिवसापसनंच लाइट नव्हती, माजा फोन मेलेला. तुजी चिठ्ठी डेपोत येऊन पडली, पर तवर आमी खवा घेऊन निघालो व्हतो. वाशीला खवा दिला. परत येताना वढ्याच्या पुलावरनं पाणी. दोन्ही बाजूला गाड्या थांबलेल्या. पाऊस मरणाचा. काचा वर, आन काचंवर वाफ धरती म्हणून यानं इंजिन चालूच ठेवलं. मला झापड आल्यागत झालं. म्हटलं जरा डोळे मिटावं. डोक्यात घण पडत व्हते ते बी मग ऐकू येईनासे झाले, बरं वाटाय लागलं. तेच वंगाळ व्हतं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

म्होरलं मला ठाऊक न्हाय, ते दगडोबानं सांगितलं. दगडोबा म्हंजी मेंढरंवाला, तो बी कळप घेऊन पाणी उतरायची वाट बघत व्हता. त्यानं बघितलं, गाडीचं दार उघडलं आन डायवर चिखलात पडला. तुज्या मामानं मला हाका मारल्या, म्या बोलंना, म्हणून त्यो उतराय गेला तर पायात जीव न्हाय. तसाच रांगत माज्या दाराकडं आला म्हणं. दगडोबानं मला वढून बांधावर घातलं. पाऊस उघडला व्हता तवर. मला शुद्ध आली तर अंगावर वल्ली घोंगडी, तिचा वास, आन चार-सहा मेंढरं तोंडाकडं बघत हुबी.

त्याच येळेला मामाच्या खिशात फोन वाजला. त्याला काय ऐकू येतंय. दगडोबानं घेतला. तू त्याला म्हणालीस म्हणं, गाडीपसनं लांब न्या, उघड्यावर ठेवा, तोंडात पाणी घालू नका, दवाखान्यात ऑक्सिजन द्यायला सांगा. दगडोबा म्हणाला, पोरगी अशी दमात घेऊन बोलत व्हती की म्या व्हय बाई, व्हय बाई करीत ऱ्हायलो. त्यानंच मागची एक जीप वळवून आमाला वाशीला धाडलं.

आता दुसरी गोष्ट. तू मला दवाखान्यात हळूच सांगितलंस की मामानं डबा काढला आन मला सांगितलं न्हाई. बाळा, मला पयल्या दिवसापसनं ठाऊक हाय. गावाला ठाऊक हाय. त्याच्या कानाला आवाज गोड लागतो, पर ती गाडी तेरखेड्याच्या फटाक्यावानी वाजत यायची. पार तळ्याच्या वळणावर असली की म्हशी कान टवकारायच्या. पोरं म्हणायची, आले गुंडाप्पा मामा. मी चहाचं आधण ठेवायची आन तो दारात यायला चहा तयार. त्याला वाटायचं, बायकू किती येळेवर चहा देती.

बोलले न्हाय, कारण तो दाढी करताना शीळ घालाय लागला व्हता. ह्या मानसानं जलमभर दुसऱ्याच्या टायमावर गाडी चालवली. म्हटलं, घालू दे शीळ. डोकं गाडीनं दुखतंय असं मला बी वाटायचं कवा कवा. सांगितलं तर तो गाडी बंद करील म्हणून गप बसले. तवा एकट्याची चूक न्हाय ती.

आता तो गाडीवर ताडपत्री टाकून बसलाय. बोलत न्हाय, जेवाय हाक मारली तर येतो, मान खाली घालून जेवतो. भट्टीची लाकडं फोडून ठेवतो, न सांगता. माजं ऐकणार न्हाय, तू लिव.

तुजी मामी,
हरणाबाई

कळंब
३ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

दिवाळीचा नमस्कार. तुम्ही आला नाहीत, त्यामुळं पाडव्याला मी कोणाच्या पाया पडले नाही. ते नमस्कार बाकी आहेत, येऊन घेऊन जा.

खरं सांगते, दवाखान्यात तुम्हाला भिंतीकडं तोंड करून बसलेलं बघितलं तेव्हा मला राग आला होता. मामींना ऑक्सिजन लावलेला, आणि मी तुमच्याशी मुद्दाम बोलले नाही. मग मामींचं पत्र आलं. त्यांनी जे लिहिलंय त्यातलं बरंच तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही रांगत त्यांच्या दारापर्यंत गेलात, हे त्यांनी मला लिहिलं. तुम्हाला बोलून दाखवलं नसेल.

आणि तुमच्या गुपिताचं म्हणाल तर ते गुपित कधीच नव्हतं. तुमची गाडी तळ्याच्या वळणावर आली की मामी चहाचं आधण ठेवायच्या. सगळं गाव ऐकायचं. फक्त तुम्हालाच ऐकू येत नव्हतं. हे वाचून मी इतकी हसले की हे धावत आले.

मामी रागावलेल्या नाहीत. त्यांना तुमचं गप्प बसणं सहन होत नाहीये. त्यांचे रक्ताचे सगळे रिपोर्ट बरे आहेत, डॉक्टरांनी भट्टीवर बसायलासुद्धा परवानगी दिली आहे, फक्त शेडच्या पत्र्यांना दोन झरोके पाडायला सांगितलेत. तेवढं तुम्ही करा. आणि ताडपत्री काढा. गाडी बिचारी काय करणार, तिनं तर पिवळा दिवा लावून सांगितलं होतं.

तुमची,
प्रतीक्षा

देवळवाडी
२० डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षा,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते भट्टीच्या शेडात, तुझ्या मामीच्या समोर मोठ्यानं वाचलं. आधणाच्या जागी आलो तेव्हा ती खवा हलवायची थांबली. मी विचारलं, "खरं का?" ती म्हणाली, "व्हय." मग दोघंबी हसलो. त्या दिवशीचा खवा थोडा लागला कढईला. ती पहिल्यांदाच कोणावर चिडली न्हाय.

झरोके पाडले. मग ताडपत्री काढली.

वीरभद्रला निरोप धाडला तर तो स्वतःच टोचन बांधून गाडी न्यायला आला. पोरगा घाबरला होता. त्याला मी काही बोलणार होतो, पण तो गाडीखाली गेला आणि लवकर बाहेरच येईना. आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं. पाइपाचा त्यानं केलेला जोड वरच्या अंगाला उकललेला, आणि त्याच्या बरोबर वर, मामीच्या पायाशी, गाडीच्या तळाच्या पत्र्यातलं एक रबरी बूच कधीच पडून गेलेलं. खालून हात घातला की बोटं आत सतरंजीला लागायची. तो म्हणाला, "काका, पोरांच्या गाड्यांचे मी किती डबे काढलेत. त्यांच्या गाड्या उघड्या असतात, मोटारसायकली. आत बसलेल्या माणसाचा मी विचारच केला न्हाई." मी म्हणालो, मीबी न्हाई केला, आणि मी तर गाडीत बसून होतो.

जुना डबा मिळाला न्हाय. असले डबे गोळा करणारे लोक फिरतात म्हणे, आतल्या जाळीत किमती धातू असतो. त्यानं तो कधीच देऊन टाकला होता. मग कंपनीचा नवा डबा सोलापूरहून मागवला, वीरभद्र स्वतः आणायला गेला. बूच बसवलं, सगळा पत्रा दिवा लावून तपासला. टेप काढली, पिवळा दिवा विझला. पीयूसीवाल्यानं नळी लावली आणि कागद दिला. वीरभद्रनं आता गॅरेजात पाटी लावलीये, डबा काढून मिळणार न्हाय. गिऱ्हाईक कमी झालंय म्हणतो, पण झोप लागते.

मग मी एकटा येरमाळ्याच्या घाटावर गेलो. तोच चढ, तोच गियर. खरं लिहितो, मला फरक सापडला न्हाय. दम तेवढाच. फक्त पायाखालची ती थरथर गेली. उमाशंकररावांना सांग की त्यांचं बरोबर होतं, पण लगेच सांगू नकोस, दोन-चार दिवसांनी सांग.

त्या पुलापाशी थांबून दगडोबाला शोधलं. त्याचा कळप आता खाली बार्शीकडं गेलाय. त्याच्या भावाकडं खव्याचा डबा ठेवून आलो.

एक गोष्ट राहिली. बांधावर तुझी मामी निपचित पडलेली असताना मला वाटलं होतं, आपण आयुष्यभर अनोळखी माणसं सांभाळून नेली, आणि घरचं एक माणूस शेजारी बसलेलं ते आपल्याला कळलं न्हाय. ते मी अजून तिला बोललो न्हाय. पण दिवा विझलेला दाखवून मी तिला म्हणालो, चल, वाशीला जाऊ. ती म्हणाली, "त्या शीटवर म्या बसणार न्हाय." मला वाटलं, भीती बसली. म्हणालो, मग मागं बस. ती म्हणाली, "मागं न्हाय. डायवरच्या जागंवर. शिकवा मला."

आता सांग, काय करू?

तुझा मामा

कळंब
२ जानेवारी २०२५

ती. मामा,

काय करू म्हणून विचारताय? शिकवा.

तुम्ही डेपोत नवीन पोरांना शिकवायचात, तसंच शिकवा. फक्त त्यांच्यावर जसं ओरडायचात तसं ओरडू नका, मामी किल्ली काढून तळ्यात फेकतील. लर्निंग लायसनची माहिती हे धाराशिवला गेल्यावर विचारून येतील. डोळे तपासून चष्मा आधी करून घ्या, मामींचा आणि तुमचाही.

यांना तुमचा निरोप दोन-चार दिवसांनीच सांगितला. यांनी त्या रात्री जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

जे बोलायचं राहिलंय म्हणालात ते मामींना सांगून टाका. पत्रात मला लिहिलंत, मला पोचलं. त्यांना पोचलेलं नाही.

तुमची,
प्रतीक्षा

देवळवाडी
१६ मार्च २०२५

चि. प्रतीक्षा,

आशीर्वाद. इथं ज्वारी काढून झाली, करडईला माणूस मिळत न्हाय, उन्हं चटका द्यायला लागलीत. म्हशी बऱ्या आहेत. आणि तुझी मामी लायसनच्या परीक्षेत पास झाली. धाराशिवच्या मैदानावर तिनं आठाच्या आकड्यात गाडी फिरवली. लुगड्याचा पदर खोचून, चष्मा लावून. तपासणारे साहेब म्हणाले, कोणी शिकवलं? ती म्हणाली, एस्टीनं. मी झाडाखाली उभा होतो, लोकांना वाटलं माझीच परीक्षा आहे, इतका घाम.

शिकवताना मी एकदाच ओरडलो. तिनं गाडी थांबवली, उतरली आणि चालत घरी निघाली. मी मागून गाडी घेऊन हळूहळू तिच्या शेजारनं जात राहिलो. त्याच वेळी, खिडकीतून, तिला ते बांधावरचं सांगितलं. ती चालत राहिली. थोड्या वेळानं थांबून म्हणाली, "सरका तिकडं," आणि परत चालवायला बसली. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून घरात सगळं जागच्या जागी आल्यासारखं वाटतं.

काल पहिल्यांदा ती स्वतः खवा घेऊन वाशीला निघाली. पुढच्या सीटवर खव्याचे डबे, त्यांना पट्टा लावलेला. मला म्हणाली, तुम्ही मागं बसा. मागं बसलो, खिडकीशी.

प्रतीक्षा, या रस्त्यानं मी किती खेपा केल्या असतील ते डेपोलाबी सांगता यायचं न्हाय. पण मी त्या समोरच्या काचेतून केल्या. खड्डा, वळण, बैलगाडी, हात करणारं माणूस. बाजूला बघायची मुभाच नसायची. काल मी बाजूला बघत होतो. एका वस्तीवर कोणीतरी अख्ख्या भिंतीवर मोर काढलाय. त्याच्या पलीकडं एक विहीर आहे, आत उतरायला दगडी पायऱ्या, वर पिंपळ फुटलेला. शाळेची पोरं कुंपणाच्या तारेवर दप्तरं अडकवून खेळत होती. डोंगराची कड, मला वाटायचं सरळ आहे, ती एके ठिकाणी झोपलेल्या म्हशीच्या पाठीसारखी खाली येते आणि तिथं एक पांढरं देऊळ आहे. मला त्या देवाचं नावसुद्धा ठाऊक न्हाय. हे सगळं माझ्या गाडीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं बघितलं असणार, आणि मी त्यांना घेऊन जायचो.

रस्ता रिकामा होता. मामीचा पाय चांगला बसलाय, गाडी मजेत पळत होती. मी मागून म्हणालो, "अगं, जरा हळू घे."

तिनं आरशातून बघितलं. "का? भ्या वाटतंय व्हय?"

म्हणालो, "न्हाय. बघायचं राहून जातंय."

तिनं गियर उतरवला, आणि काच खाली केली.

तुझा मामा,
गुंडाप्पा